खोटं हेझल बोलते, मग हसं वर्तमानपत्राचं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीला ‘नथिंग सेक्रेड’ हा १९३७ सालचा अमेरिकी चित्रपट ‘सनसनाटी पत्रकारितेवरचं व्यंग’ म्हणून अभ्यासाला दिलाय. तिचं म्हणणं: यात खोटं बोलते ती नायिका हेझल, बातमीदार बिचारा फसतो. मग पत्रकारितेची खिल्ली कुठे उडाली? आणि याच लेखकाच्या, बेन हेक्टच्या, नाटकावरून निघालेल्या ‘हिज गर्ल फ्रायडे’पेक्षा हा वेगळा कसा?

तुमची शंका रास्त आहे. सनसनाटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बातमी रचणारा बातमीदार येतो, आणि या गोष्टीत हेझलची बातमी कोणी रचलेली नाही. माझं आयुष्य मराठी दैनिकांच्या डेस्कवर गेलं, आधी उपसंपादक आणि मग वृत्तसंपादक म्हणून. त्यामुळे मला हा सिनेमा प्रेमकथा म्हणून दिसतच नाही, एका बातमीचा प्रवास म्हणून दिसतो. ती आणली कोणी, पाहिली कोणी, आणि पान सोडण्याआधी ‘याला आधार काय?’ हे विचारायची पाळी कोणाची होती. तसं पाहिलंत तर हेझलचं खोटं फार किरकोळ ठरतं. ती खरं सांगायचं टाळते, एवढंच. त्यावरचे मजले वर्तमानपत्र स्वतःच्या पैशाने चढवतं.

आधी कथा सांगतो, कारण उत्तर तिच्या क्रमातच आहे.

न्यूयॉर्कच्या ‘मॉर्निंग स्टार’ या दैनिकाचा बातमीदार वॉली कुक (फ्रेडरिक मार्च) सुरुवातीलाच तोंडावर आपटतो. त्याने पूर्वेकडचा एक गडगंज सुलतान शोधून आणलाय. हा सुलतान वर्तमानपत्राच्या नावाने भव्य कलामंदिर उभारायला पाच लाख डॉलर देणार, म्हणून शहरातल्या बड्या लोकांना मेजवानी. भर मेजवानीत सुलतानाची बायको पोरंबाळं आणि पोलीस घेऊन दारात उभी राहते. सुलतान म्हणजे हार्लेममधला बूटपॉलिशवाला. संपादक ऑलिव्हर स्टोन (वॉल्टर कॉनोली) संतापून वॉलीला निधनवार्तांच्या टेबलावर बसवतो. तिथून सुटण्यासाठी वॉली एक बारकी बातमी पुढे करतो: व्हरमाँट राज्यातल्या वॉर्सा नावाच्या (काल्पनिक) गावात घड्याळाच्या कारखान्यातली एक मुलगी रेडियमच्या विषबाधेने मरणार आहे. हेझल फ्लॅग तिचं नाव. भूमिका कॅरोल लोम्बार्डची.

वॉली गावात पोचतो. तिथली माणसं एकाक्षरी उत्तरं देतात आणि त्याचेही पैसे मागतात. एक पोर कुंपणाच्या फाटकातून धावत येऊन त्याच्या पायाला चावतं आणि निघून जातं. गावचा डॉक्टर डाउनर ‘मॉर्निंग स्टार’चं नाव ऐकताच पेटतो, कारण बावीस वर्षांपूर्वी या पत्राच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं नव्हतं. इकडे हाच डॉक्टर हेझलला सांगतो की निदान चुकलं होतं, तुला काहीही झालेलं नाही. हेझल रडते. सुटले म्हणून रडते आणि न्यूयॉर्क हुकलं म्हणूनही रडते. मरणाच्या निमित्ताने कारखान्याने दोनशे डॉलर दिले होते, त्यात ती शहर पाहणार होती. दोनदा जन्म मिळावा आणि दोन्ही वेळा तो वॉर्सातच मिळावा, अशी तिची तक्रार आहे. ती डोळे पुसत बाहेर येते, समोर वॉली. तो ते अश्रू पाहतो आणि काय समजायचं ते समजतो. ‘मॉर्निंग स्टार’ची पाहुणी म्हणून न्यूयॉर्कला चला, असं आमंत्रण तिथल्या तिथे.

आता डेस्कच्या खुर्चीवरून बघा.

वॉलीकडे पुरावा काय होता? एक छापील तुकडा. कुठेतरी छापून आलंय म्हणजे आहेच, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. जिल्ह्याच्या पुरवणीतली सिंगल कॉलम बातमी मुख्य अंकात उचलताना किती जण मूळ वार्ताहराला फोन करतात? दुसरा पुरावा हेझलचे अश्रू. रडणाऱ्या माणसाला ‘जरा कागद दाखवता का?’ असं विचारायला जीभ रेटत नाही. ही माणुसकी आहेच, पण त्यात एक सोयही दडलेली असते: विचारलं नाही तर बातमी मरत नाही. वॉली दुष्ट नाही, म्हणून तर हे पाहताना अंगाला लागतं. त्याला हेझलबद्दल खरंच वाईट वाटतंय, आणि वाईट वाटता वाटता तो मनात मथळे लावतोय.

नुकतंच सुलतान प्रकरणात नाक कापलं गेलेलं असताना हे पत्र दुसऱ्यांदा कसं फसतं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. बाहेरच्याला वाटतं की एकदा तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. वृत्तपत्राच्या कचेरीत बहुधा उलट होतं. आधीच्या बदनामीवर उतारा म्हणून तितकीच मोठी, पण मन द्रवणारी गोष्ट हवी असते. स्टोनला हेझल हवी आहे ती सुलतान पुसून टाकण्यासाठी. ज्याची गरज इतकी असते त्याची पडताळणी कोणी करत नाही.

मग शहर ताबा घेतं. कागदी फितींच्या पावसात मिरवणूक, महापौरांच्या हस्ते शहराची किल्ली. कुस्तीच्या आखाड्यात सामना थांबवून तिच्यासाठी घंटेचे दहा टोल पडतात आणि धिप्पाड मल्ल मान खाली घालून उभे राहतात. नाइट क्लबमध्ये इतिहासातल्या शूर स्त्रियांचा देखावा तिच्या सन्मानार्थ सादर होतो, लोक जेवता जेवता डोळे टिपतात, आणि सत्कारमूर्ती दारूच्या अमलाखाली कोसळते. लगेच सगळ्यांना वाटतं, झालं, आली वेळ. तेव्हाचं स्टोनचं डॉक्टरला उद्देशून असलेलं वाक्य मी नव्या उपसंपादकांना हमखास ऐकवत असे: ‘डॉक्टर, वाईटात वाईट काय ते सांगा. आमच्या भावनांचा विचार करू नका. पंधरा मिनिटांत अंक छपाईला जातोय.’ पहिली दोन वाक्यं नातेवाइकाची आहेत, तिसरं संपादकाचं. तिन्ही एकाच सुरात म्हटली जातात. पटकथालेखक हेक्टचा विनोद असाच चालतो. माणसाला तो ढोंगी म्हणून दाखवत नाही. कळवळा आणि डेडलाइन एकाच तोंडातून, एकाच श्वासात बाहेर पडू देतो.

वाचकही सुटत नाही. हेझलच्या नावाचा मथळा असलेला अंक मासे गुंडाळायला वापरला जातोय, असा एक छोटा शॉट मध्येच येऊन जातो. आपल्याकडे भेळवाल्याच्या गाडीवर आमचे अग्रलेख रोज त्याच कामी येतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही, पण दिग्दर्शक विल्यम वेलमन तो कुठे लावतो ते पाहा: शहर हुंदके देत असताना. दुःख खरं आहे की खोटं, या प्रश्नावर सिनेमा वेळ घालवत नाही. ते किती वेळ टिकतं, एवढंच दाखवतो. एके ठिकाणी वॉली म्हणतो की निखळ करमणूक हवी तर मयताच्या घरासारखी जागा नाही. त्यावर हेझल वैतागून म्हणते, कृपा करून धंद्याच्या गोष्टी नकोत. मरणारी मुलगी हा आता तिचा धंदा झालेला आहे, आणि तिला ते कळलेलं आहे.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर सिनेमाच्या उत्तरार्धात आहे. ‘मॉर्निंग स्टार’कडून युरोपातले रेडियमच्या विषबाधेचे तज्ज्ञ बोलावले जातात. हे संपूर्ण गोष्टीतलं पहिलं खरंखुरं ‘व्हेरिफिकेशन’, आणि ते शंका आली म्हणून झालेलं नाही. मरणाऱ्या मुलीसाठी साता समुद्रापलीकडून डॉक्टर आणणारं दैनिक, असा त्याचा थाट आहे. पडताळणी होते ती पहिल्या पानाच्या हावेतून, आणि चुकून सत्य बाहेर येतं. माझ्या मते सनसनाटी पत्रकारितेबद्दल याहून नेमकं कोणी पडद्यावर मांडलेलं नाही. असत्य छापायला कोणीच बसलेलं नसतं. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एक साधा प्रश्न विचारायचं राहतं, कारण त्या प्रश्नाचं एक उत्तर बातमीला परवडणारं नसतं.

खरं कळल्यावर काय होतं तेही बघा. स्टोनचा संताप खोट्याबद्दल नाही, दुसऱ्यांदा हसं होणार याबद्दल आहे. हाच स्टोन वॉलीला एकदा सुनावतो की तुझं काळीज काढून त्यात ऑलिव्हसारखं सारण भरावं असा विचार करतोय. हेझल शेवटी मोठ्या लोकांपुढे कबुली देते तेव्हा ती कोणालाच नको असते. तिच्या नावावर जे तरले, मिरवले, त्यांना ती ठणठणीत असणं परवडणारं नाही. त्यांच्या दृष्टीने तिने सुखरूप मरावं हे उत्तम. मग चिठ्ठी ठेवून ती नाहीशी होते, शहर तिला साश्रू निरोप देतं, आणि हेझल व वॉली काळे चष्मे लावून बोटीने पसार होतात. ‘मॉर्निंग स्टार’ खुलासा छापत नाही. आमच्याकडे खुलासा छापतात तो आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी. मूळ बातमी आठ कॉलम आणि दिलगिरी आठ ओळी. स्टोनने तेवढीही तसदी घेतली नाही, त्याऐवजी बातमीची नायिकाच मारून टाकली. सगळ्यांनी सांगितलेली एकच गोष्ट शेवटी ‘खरी’ ठरते.

हे सगळं इतकं अचूक का उतरलं, याचं कारण पटकथालेखक बेन हेक्ट. तो बाहेरून चेष्टा करणारा नव्हता. १९१० साली, सतराव्या वर्षाच्या आसपास, तो ‘शिकागो जर्नल’मध्ये लागला. सुरुवातीचं काम काय, तर खून-अपघातात गेलेल्या माणसांचे फोटो त्यांच्या घरातून मिळवणं. मागून मिळाला तर मागून, नाहीतर उचलून. पुढे त्याने एका छायाचित्रकाराला हाताशी धरून लिंकन पार्कमध्ये चर खणला आणि भूकंपाने भेग पडल्याची सचित्र बातमी दिली. या कर्तबगारीचं वर्णन त्याने १९५४च्या आत्मचरित्रात स्वतःच केलंय, आणि पश्चात्तापाचा सूर त्यात फारसा नाही. बोलपट आल्यावर हॉलिवूडला खटकेबाज संवाद लिहिणारे हवे होते. वृत्तपत्रांतल्या लोकांना कमी शब्दांत, वेळेवर, दुसऱ्याच्या तोंडी शोभेल असं लिहायची सवय होती, म्हणून ते झुंडीने तिकडे गेले. तीसच्या दशकातल्या अमेरिकी सिनेमात जिकडेतिकडे बातमीदार दिसतो तो यामुळेही. आपल्याला तो ‘चोरी चोरी’ (१९५६) मधून ओळखीचा आहे; ती ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) वरून बेतलेली गोष्ट, श्रीमंत बापाची पळालेली मुलगी आणि तिच्यामागे बातमी दिसणारा पत्रकार.

शिवाय विसाच्या दशकाने अशा लेखकांना कच्चा माल भरपूर दिला होता. न्यूयॉर्कमध्ये ‘डेली न्यूज’ १९१९ साली निघालं, १९२४ मध्ये ‘मिरर’ आणि ‘इव्हनिंग ग्राफिक’ आले. ‘ग्राफिक’ तर घडलेल्या प्रसंगाचा फोटो मिळाला नाही की नट उभे करून, चेहरे चिकटवून तो तयार करी. जानेवारी १९२८ मध्ये ‘डेली न्यूज’च्या माणसाने घोट्याला छुपा कॅमेरा बांधून रूथ स्नायडर या स्त्रीला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला जात असतानाचा फोटो काढला आणि तो पहिल्या पानभर छापला गेला. त्यापुढे हेझलची मिरवणूक अतिशयोक्ती वाटत नाही.

पण हेझलच्या आजाराची निवड हा या सिनेमाचा सगळ्यात धारदार भाग आहे. तो आज निसटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रेडियमची विषबाधा हा विनोदासाठी शोधलेला चमत्कारिक रोग नव्हता. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात यूएस रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग भरत. आकडे बारीक यावेत म्हणून ब्रशला ओठांनी टोक काढायचं, रंगात बुडवायचं, पुन्हा ओठांना लावायचं. रंगात रेडियम. ते शरीरात कॅल्शियमसारखं वागतं आणि हाडांत जाऊन बसतं. दात गळू लागले, जबडे कुजू लागले, मुली मरू लागल्या. पाच जणींनी कंपनीवर दावा लावला. ग्रेस फ्रायर त्यांत पुढे होती. १९२८ च्या वसंतात सुनावणी थेट सप्टेंबरवर ढकलली गेली, तोवर त्या जगतील याची खात्री नव्हती. तेव्हा ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’चे संपादक वॉल्टर लिपमन यांनी अग्रलेखातून या दिरंगाईवर कोरडे ओढले, इतर पत्रांनीही विषय लावून धरला, आणि जूनमध्ये तडजोड झाली: प्रत्येकी १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. मरणाच्या दारातल्या या बायकांचे फोटो, त्यांचं रडणं, त्यांनी पैशाचं काय करायचं ठरवलंय, हेही त्याच काळात भरभरून छापून येत होतं.

तर १९३७ च्या प्रेक्षकाला ‘घड्याळाच्या कारखान्यातली मुलगी, रेडियम’ एवढ्यावरच सगळं आठवत असणार. सिनेमा लागला त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस. फेब्रुवारी १९३८ मध्ये इलिनॉयमधल्या ऑटावा गावातली अशीच एक कामगार स्त्री साक्ष देताना कोसळली आणि दुसऱ्या दिवशी सुनावणी तिच्या घरी, ती पडलेली असताना, पुढे चालवावी लागली. त्याच जुलैत ती गेली. म्हणजे थिएटरात लोक हेझलवर हसत होते तेव्हा खऱ्या हेझल जिवंत होत्या आणि मरत होत्या.

याला हृदयशून्यता म्हणायचं का? माझ्या वर्गात यावरून भांडणं झाली आहेत. मला वाटतं हेक्टने मुद्दाम हाच रोग घेतला. एकाच विषयात वर्तमानपत्राने केलेली कामाची गोष्टही होती आणि तमाशाही होता. लिपमन यांच्या अग्रलेखाने एका न्यायालयाची तारीख हलली. ‘मॉर्निंग स्टार’च्या मिरवणुकीने काहीच हलत नाही. गंमत बघा, त्या दैनिकात कोणीही कारखान्याबद्दल अवाक्षर काढत नाही. रेडियम कुठून आलं, इतर मुलींचं काय, मालकाला कोणी विचारलं का? इतका मोठा आजार आणि एकही फॉलोअप कारखान्याच्या फाटकापाशी नाही. हेझलचं निदान खरं असतं तरी ही पत्रकारिता तितकीच निकामी ठरली असती. तुमच्या निबंधात हा मुद्दा घ्याच.

आता ‘हिज गर्ल फ्रायडे’. हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर या दोघा शिकागोच्या माजी बातमीदारांनी ‘द फ्रंट पेज’ हे नाटक लिहिलं, ते ऑगस्ट १९२८ मध्ये ब्रॉडवेवर आलं. संपादक वॉल्टर बर्न्स हा वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या शिकागोतल्या दैनिकाचे संपादक वॉल्टर हाउई यांच्यावर बेतलेला. फाशीच्या आदल्या रात्री पळणारा कैदी सुचला तो टॉमी ओकॉनर या गुन्हेगारावरून. डिसेंबर १९२१ मध्ये फाशीला चार दिवस उरले असताना तो शिकागोच्या तुरुंगातून निसटला आणि पुन्हा कधीच सापडला नाही. कोर्टाच्या हुकुमामुळे त्याच्यासाठी ठेवलेला फास आणि वधस्तंभ १९७७ पर्यंत जपून ठेवला होता. या नाटकावर १९३१ साली एक चित्रपट झाला. मग हॉवर्ड हॉक्सने १९४० मध्ये नायक बातमीदार हिल्डी जॉन्सनला बाई केलं, आणि तिला संपादकाची घटस्फोटित बायको करून टाकलं. कॅरी ग्रँट आणि रोझलिंड रसेल. सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. त्यासाठी हॉक्सची युक्ती अशी की वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला गरज नसलेले शब्द घालायचे; दुसऱ्याने त्यावर चढून बोललं तरी अर्थ बुडत नाही.

तिथे खोटं रचणारे बातमीदार आहेत, तुम्हाला हवे होते तसे. पळालेला कैदी अर्ल विल्यम्स प्रेसरूममधल्या टेबलात लपलेला सापडतो, मुकाट शरण येतो. आपण ते डोळ्यांनी पाहतो, आणि त्याच क्षणी एकेक बातमीदार फोनवर आपापली आवृत्ती सांगतो: त्याने जिवाच्या आकांताने झुंज दिली, तो बेशुद्ध सापडला, गोळी झाडायला गेला पण पिस्तूल चाललं नाही. बर्न्स हिल्डीच्या बातमीत आपल्या पत्राचं नाव शोधतो. ती सांगते, आहे की, दुसऱ्या परिच्छेदात. ‘दुसरा परिच्छेद कोण वाचतो?’ हे त्याचं उत्तर. पान रिकामं करताना तो चीनमधला भूकंप काढायला सांगतो, हिटलरला विनोदाच्या पानावर टाकायला सांगतो, पण कोंबड्याची बातमी ठेवा म्हणतो, त्यात माणुसकीचा जिव्हाळा आहे. ज्याने रात्रपाळीला पान लावलंय त्याला हे हसता हसता घाम फोडणारं आहे.

त्यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका प्रसंग मात्र शांत आहे. हिल्डी अर्लची कोठडीत मुलाखत घेते. तो बागेत भाषणं ऐकत फिरायचा. तिथे कोणीतरी ‘उत्पादन वापरासाठी असावं’ असं सांगत होतं. हिल्डी हळूच विचारते, मग पिस्तूल कशासाठी असतं? वापरण्यासाठी. मग तू ते वापरलंस. अर्ल मान डोलावतो, त्याला स्वतःच्या कृत्याचं कारण सापडल्याचं समाधान मिळतं. कारण हिल्डीने दिलेलं आहे. हेतू चांगला, तो वेडा ठरून वाचावा. पण पद्धत बघा. उत्तर आपणच समोरच्याच्या तोंडात ठेवायचं आणि मग अवतरण चिन्हांत छापायचं. टीव्हीवर दिवसभर हेच चालतं, फक्त हिल्डीइतक्या नजाकतीने नाही.

फरक कुठे पडतो? ‘हिज गर्ल फ्रायडे’त पत्रकारांपेक्षा वाईट माणसं हजर आहेत. महापौर आणि शेरीफ मतांसाठी एका माणसाला फासावर द्यायला निघालेत, त्याच्या शिक्षेला स्थगितीचा कागद आला तर तो आणणाऱ्यालाच लाच देऊन घालवू बघतात. बर्न्स लबाड, पण त्याच्या लबाडीने एक जीव वाचतो. त्यामुळे प्रेक्षक त्याला माफ करून बाहेर पडतो, आणि आम्ही पत्रकार तर छाती फुगवून बाहेर पडतो. ‘नथिंग सेक्रेड’मध्ये अशी पळवाट ठेवलेली नाही. उघडं पाडायला भ्रष्ट महापौर नाही, सोडवायला निरपराध कैदी नाही. बातमीने कोणाचंही काहीही होत नाही, खप सोडून. सिनेमा म्हणून मला ‘हिज गर्ल फ्रायडे’ कितीतरी उजवा वाटतो, रचनेत आणि अभिनयातही. व्यंग म्हणून ‘नथिंग सेक्रेड’ अधिक निर्दय आहे.

वेलमनच्या दिग्दर्शनातली एक खुबी सांगून ठेवतो. टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या पद्धतीत काढलेल्या पहिल्या मोठ्या विनोदी चित्रपटांपैकी हा एक. निर्माता डेव्हिड सेल्झनिक, रंग दाखवायची संधी कोण सोडणार? विमानातून न्यूयॉर्क दाखवलंय ते आजही सुरेख वाटतं. आणि अशा सिनेमात वेलमन आपल्या महागड्या ताऱ्यांचे चेहरे लपवतो. एका संभाषणात झाडाची फांदी मध्ये येते. प्रेमाचा प्रसंग एका मोठ्या लाकडी खोक्यात घडतो, आपल्याला दिसतात फक्त पाय. यावर चमत्कृती म्हणून बरंच लिहिलं गेलंय. मला ते विषयाला धरून वाटतं: या मुलीचं सगळं आयुष्य पहिल्या पानावर टांगलेलं असताना कॅमेरा मोक्याच्या क्षणी नजर वळवतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सुलतानाचा विनोद काळ्या माणसाच्या तोंडावर ओढलेला आहे, आणि तो आज पाहवत नाही. त्याच्या बायकोच्या छोट्या भूमिकेत हॅटी मॅकडॅनियल आहे. दोनच वर्षांनी आलेल्या ‘गॉन विथ द विंड’साठी तिला ऑस्कर मिळालं. आणि तो गाजलेला ठोसा. हेझलला न्यूमोनिया झालाय असं दिसावं, घाम यावा, नाडी धावावी म्हणून वॉली तिला खोलीभर झुंजवतो आणि शेवटी ठोसा लगावून आडवं करतो. पुढे तीही त्याला तितक्याच जोरात लोळवते, त्यामुळे हिशेब बरोबर झाला असं तेव्हाच्या प्रेक्षकांनी मानलं. तुम्ही मानायलाच हवं असं नाही. फक्त एवढं नोंदवा की या मारामारीचं कारणही पुरावा तयार करणं हेच आहे: आजाराची लक्षणं हवी आहेत, म्हणून ती घडवायची.

बघताना प्रत सांभाळून निवडा. अमेरिकेत या चित्रपटाच्या हक्कांचं नूतनीकरण झालं नाही, म्हणून जालावर त्याच्या अनेक विटलेल्या, चॉकलेटी झालेल्या प्रती फिरतात. त्यात रंगांची सगळी कमाई जाते. पुनर्संचयित प्रत मिळाली तर तीच पाहा. सिनेमा अवघा ७७ मिनिटांचा आहे, दोनदा बघून होतो. दुसऱ्यांदा बघताना हातात कागद घ्या आणि प्रत्येक वेळी ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ असं कोणी कोणाला विचारतं का, त्याची खूण करत जा. सुलतानाची मेजवानी आणि युरोपियन डॉक्टरांची तपासणी हे दोन प्रसंग लागोपाठ लावून पाहिलेत तर निबंधाला वेगळा आराखडा शोधावा लागणार नाही. वेळ उरला तर त्याच आठवड्यातलं एखादं मराठी दैनिक घ्या, त्यातली डोळ्यांत पाणी आणणारी बातमी निवडा आणि तिच्यावरही तीच खूण करून पाहा.